साखळी बदलली, आता चाकही पाहा

लाकूड कापायचे म्हटले, की कुऱ्हाड आणि करवत ही दोन हत्यारे आपल्या ओळखीची. कुऱ्हाडीला हाताचे बळ लागते. मोठ्या करवतीला दोन माणसे लागतात. एकाने ओढायची, मग दुसऱ्याने ओढायची. आता गावोगाव तिसरे हत्यार आले आहे. ते म्हणजे साखळीची करवत. कोणी तिला चेनसॉ म्हणतात, कोणी नुसते कटर म्हणतात. आधी पेट्रोलवर चालणारी आली. आता बॅटरीवर चालणारीही आली आहे.

बॅटरीची करवत हलकी असते. धूर नाही, दोरी ओढणे नाही. बॅटरी बसवली, बटण दाबले, की साखळी पळू लागते. वादळाने वाटेत पडलेली फांदी, बागेतील वाळलेले झाड, बांधावरच्या बाभळीचे सरपण, ही कामे ती झटपट करते. कुणी छाटणीची कामे घेऊन तिच्यावर पोट भरतो. म्हणून ती नीट चालली पाहिजे आणि तिने कुणाचा हात-पाय नेता कामा नये.

या करवतीत एक लहानसे दातेरी चाक असते. ते झाकणाच्या आत असते, म्हणून सहसा कोणाला दिसत नाही. ते झिजले, की नवीन साखळीसुद्धा वाया जाते. ते कसे ओळखावे आणि कसे बदलावे, हे आज आपण पाहू.

करवतीचे अवयव

प्रथम यंत्र समजून घेऊ. सायकल आठवा. पायडलजवळ मोठे दातेरी चाक असते. त्याच्यावरून चेन जाते आणि मागचे चाक फिरवते. साखळीच्या करवतीतही तसेच आहे. फरक एवढाच, की इथे पाय मारायला माणूस नाही. ते काम मोटर करते.

मोटरला वीज बॅटरीतून मिळते. मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चाक बसवलेले असते. दुकानदार त्याला स्प्रॉकेट म्हणतो. मोटारसायकल दुरुस्त करणारे मेस्त्री स्पॉकेट म्हणतात. लहान करवतीत या चाकाला बहुधा सहा किंवा सात दात असतात.

यंत्रातून पुढे एक लांब पोलादी पट्टी आलेली असते. तिच्या कडेने सगळीकडे खोबण असते. या खोबणीतून साखळी धावते. पट्टी स्वतः फिरत नाही. ती साखळीला फक्त वाट देते.

आता साखळी हातात घेऊन पाहा. मात्र हातमोजे घालून पाहा. तिच्या पाठीवर कापणारे दात आहेत. एक डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे वळलेला. पोटाच्या बाजूने काही टोके खाली आली आहेत. आपण त्यांना साखळीचे पाय म्हणू. हे पाय पट्टीच्या खोबणीत उतरतात आणि दातेरी चाकाच्या दोन दातांमधल्या खाचेत बसतात. चाक फिरले, की ते पायांना ढकलते. पाय पुढे सरकले, की साखळी पळते. म्हणजे मोटरची सारी ताकद या इवल्याशा चाकातूनच साखळीकडे जाते.

अळीने शिकवलेली युक्ती

साखळीचे दात डावे-उजवे का? त्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. विजेच्या मोटरवर चालणारी साखळीची करवत जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ साली केली. ती दोन माणसांनी मिळून धरावी लागे. पण त्या काळच्या साखळ्या लवकर बोथट होत आणि वरचेवर कानस मारावी लागे.

पुढे १९४६ साली अमेरिकेत ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या रानात काम करीत होता. एका बुंध्यात त्याला लाकूड खाणारी अळी दिसली. ती अळी सरळ पुढे खात नव्हती. तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करीत ती लाकूड कापत जाई. रेषा उभी असो की आडवी, तिला सारखेच. कॉक्सने ते बारकाईने पाहिले आणि पोलादात तसेच दात घडवले. १९४७ साली ती साखळी विक्रीला आली. आज आपल्या हातातील साखळीचे दात त्याच धर्तीचे आहेत. पाहणाऱ्याला अळीसुद्धा गुरू होते.

चाक का झिजते?

पोलादाचे चाक झिजेल कसे, असे तुम्ही म्हणाल. चला, थोडा हिशेब करू.

समजा, साखळीला ५० पाय आहेत आणि चाकाला ६ दात आहेत. चाकाच्या एका फेरीत ६ पाय पुढे सरकतात. सगळे ५० पाय एकदा फिरून येईपर्यंत चाकाच्या ८ फेऱ्या पुऱ्या होऊन नववी सुरू झालेली असते. म्हणजे साखळीच्या एका पायाला एकदा मार बसतो, तेव्हा चाकाच्या एका दाताला आठ वेळा बसतो. साखळीचा भार पन्नास जणांत वाटला जातो. चाकाचा भार सहाच जणांवर पडतो. मग ते झिजणार नाही तर काय होईल?

त्यात बॅटरीच्या मोटरचा एक गुण आहे. बटण दाबताच ती एकदम जोरात फिरते. पेट्रोलच्या यंत्रात मोटर आणि चाक यांच्यामध्ये क्लच असतो. बॅटरीच्या बहुतेक यंत्रांत तसा तो नसतो. म्हणून दर वेळी बटण दाबले, की चाकाच्या दातांना हिसका बसतो.

साखळीही झिजते. लोक म्हणतात, साखळी ताणली. खरे पाहता पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. साखळीचे सांधे रिव्हेटने जोडलेले असतात. ते रिव्हेट आणि त्यांची भोके झिजतात. ५० पायांच्या साखळीला असे १०० सांधे असतात. धरा, दर सांधा मिलिमीटरचा फक्त दहावा भाग झिजला. १०० सांध्यांचे मिळून १० मिलिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर झाले! तेवढी साखळी लांब झाली. दोन पायांमधले अंतरही थोडे थोडे वाढले.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. जुने चाक आणि जुनी साखळी दोघे मिळून झिजतात. एकमेकांच्या खोडी एकमेकांना ठाऊक असतात. म्हणून ते कसेबसे चालतात. पण जुन्या चाकावर नवीन साखळी चढवली, की बिघाड सुरू होतो. नव्या साखळीचे पाय जुन्या खाचांत नीट बसत नाहीत. सारा भार एखाद्या पायावर येतो. पायांच्या कडा ठोकल्या जातात. त्यांना बारीक धार फुटते. मग ते पट्टीच्या खोबणीत अडकू लागतात. नवी साखळी चार दिवसांत जुनी होते.

याच्या उलट, नव्या चाकावर फार झिजलेली साखळी चढवली, तर नवे चाक खराब होते. नासका आंबा चांगल्या आंब्यांच्या अढीत ठेवावा, तशातली ही गत.

आंधळा खर्च

हे ठाऊक नसले म्हणजे काय होते, ते पाहा. समजा, एक शेतकरी दुकानात गेला.

“शेठ, कटरची साखळी द्या हो.”

“अहो दादा, गेल्या महिन्यात तर नेलीत ना?”

“नेली खरी. पण ती पण टिकली नाही. माल हलका निघाला तुमचा.”

“बरं, आतलं चाक पाहिलं होतंत का?”

“कसलं चाक? करवत तर फिरतेय की!”

इथेच सारा घोटाळा आहे. करवत फिरते, म्हणून चाक चांगले, असे त्याला वाटते. तो दुकानदाराला दोष देतो. दुसरीकडून महागडी साखळी आणतो. तीही जाते. एका लहान चाकापायी दोन-तीन साखळ्यांचे पैसे पाण्यात जातात. शिवाय झिजलेल्या चाकावरून साखळी घसरू शकते. पळती साखळी घसरणे म्हणजे खेळ नव्हे.

म्हणून जाणकार मेस्त्री एक साधा नियम सांगतात. दोन साखळ्या झिजल्या, की एक चाक बदला. तिसरी नवी साखळी घ्याल, तेव्हा तिच्याबरोबर नवे चाकही घ्या.

झिजलेले चाक कसे ओळखावे?

चाक बोलत नाही, पण खुणा देते. बॅटरीच्या यंत्राचा आवाज कमी असतो. त्यामुळे त्या खुणा कानालाही कळतात.

पहिली खूण : साखळी खडखड वाजते, उड्या मारत पळते.

दुसरी खूण : ताण बरोबर लावला, तरी थोड्या वेळात साखळी पुन्हा सैल होते.

तिसरी खूण : साखळी मधूनच घसरते किंवा चाकावर अडकून झटका देते.

चौथी खूण : साखळीच्या पायांच्या कडा ठोकल्यासारख्या, चपट्या झालेल्या दिसतात.

पाचवी खूण सर्वांत खात्रीची. झाकण काढून चाक पाहा. नव्या चाकाचे दात सारखे आणि गुळगुळीत असतात. जुन्या चाकावर साखळीने खोल रेघा पाडलेल्या असतात. या रेघेत नख अडकते का, ते पाहा. रेघ अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेली असेल, तर चाक बदलण्याची वेळ झाली. अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण आपल्या नखाच्या जाडीएवढे. दात एका बाजूला वाकून विळ्यासारखे झाले असतील, तर मापायचीही गरज नाही. ते चाक काढूनच टाका.

आकडे वाचा, मगच चाक घ्या

आता तुमच्या वाचनाची परीक्षा आहे. दुकानात जाऊन “एक चाक द्या” म्हणून भागत नाही. पायाच्या मापाशिवाय कोणी चप्पल घेतो का? चाकालाही माप असते. ते माप तुमच्याच यंत्रावर लिहिलेले असते. पूर्वी ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. आता तुम्ही स्वतः वाचू शकता.

पट्टीच्या बुडाशी, यंत्राजवळ, काही आकडे कोरलेले असतात. ते इंग्रजी आकडे असतात. एस. टी. गाडीच्या पाटीवर आणि मोबाइलवर असतात, तेच. फडक्याने तेल पुसा आणि वाचा. तिथे सहसा तीन गोष्टी सापडतात.

एक, साखळीचे घर. याला पिच म्हणतात. ते इंचात लिहितात. ३/८, .३२५ किंवा १/४ असा आकडा असतो.

दोन, पायाची जाडी. ती १.१ किंवा १.३ मिलिमीटर अशी असते.

तीन, साखळीला पाय किती, तो आकडा.

कोरलेले आकडे पुसले गेले असतील, तर पिच मोजता येते. साखळी सरळ ठेवा. ओळीने तीन रिव्हेट घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. जे येईल त्याचे निम्मे म्हणजे पिच. अंतर १९ मिलिमीटर भरले, तर पिच ३/८ इंच. साडेसोळा भरले, तर .३२५. पावणेतेरा भरले, तर १/४.

चाकाचे घर आणि साखळीचे घर एकच असले पाहिजे. त्यात तडजोड नाही. ३/८ मध्येही ठेंगणी आणि उंच अशा दोन जाती आहेत. बॅटरीच्या लहान यंत्रांना बहुधा ठेंगणी लागते. तेव्हा दुकानात जाताना यंत्राचे नाव, मॉडेलचा आकडा आणि हे तीन आकडे कागदावर लिहून न्या. जुने चाक काढलेले असेल, तर तेही खिशात घालून न्या. दातांची संख्या तीच घ्या. जास्त दातांचे चाक घातले, तर साखळी जोराने पळेल असे कोणी सांगेल. पण मोटरवर भार पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. कंपनीने जे दिले, तेच बरे.

चाक बदलण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. घाई करू नका. दिवसाउजेडी बसा. खाली स्वच्छ फडके अंथरा. बारीक सामान ठेवायला एक ताटली घ्या. पाना, स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा एवढे जवळ असू द्या. यंत्राबरोबर आलेली पुस्तिकाही उघडून ठेवा.

१. आधी बॅटरी काढा. हा नियम सर्वांत मोठा. पेट्रोलचे यंत्र चालू असले, की आवाज करते. बॅटरीचे यंत्र मुकाट पडलेले असते, पण बॅटरी आत असली, की ते तयारच असते. चुकून बटण दाबले गेले, तर बोटे जातील. काढलेली बॅटरी यंत्राशेजारी ठेवू नका. दूर, पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. यंत्र आताच चालवले असेल, तर थंड होऊ द्या.

२. ब्रेक सोडा. पुढच्या मुठीसमोर एक ढालीसारखी पट्टी असते. ती पुढे ढकलली, की साखळी बांधली जाते. मुठीकडे ओढली, की सुटते. ती आपल्याकडे ओढून ठेवा.

३. झाकण काढा. काही यंत्रांत हाताने फिरवायची चक्री असते. काहींत एक किंवा दोन नट असतात. ते सोडून ताटलीत ठेवा.

४. ताण सैल करा. ताणाचा स्क्रू सैल करून पट्टी मागे सरकवा. साखळी चाकावरून उचला. मग पट्टी आणि साखळी दोन्ही बाजूला काढा. साखळीची धार हाताला लागू देऊ नका.

५. भुसा झाडा. आत तेलात माखलेला भुसा साचलेला असतो. ब्रशने तो काढा. पाणी मारू नका. आत मोटर आणि वीज आहे.

६. फोटो काढा. चाक, वायसर, लॉक हे कोणत्या क्रमाने आहेत, ते नीट पाहा. मोबाइल असेल, तर फोटो काढा. नसेल, तर काढलेली वस्तू ताटलीत ओळीने मांडा. बसवताना उलट क्रम लागतो.

७. लॉक काढा. बऱ्याच लहान यंत्रांत चाकापुढे एक चपटे पोलादी लॉक असते. ते दांड्याच्या खाचेत बसलेले असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ते बाहेर ढकला. ते टणकन उडते. म्हणून त्याच्यावर फडके धरा आणि डोळ्यांना चष्मा लावा. काही यंत्रांत लॉकऐवजी नट किंवा स्क्रू असतो. तो कोणत्या बाजूने सुटतो, ते पुस्तिकेत पाहा. काही आटे उलटे असतात. अशा वेळी जोर लावला, तर नट सुटायच्या ऐवजी आवळला जातो.

८. जुने चाक काढा. लॉक आणि वायसर निघाले, की चाक दांड्यावरून सरकून येते. आले नाही, तर हातोडा मारू नका. दांडा वाकला, तर मोटर गेली. चाकात लोखंड अडकवून हिसडाही देऊ नका. काही स्वस्त यंत्रांत हे चाक दांड्याला कायमचे बसवलेले असते. तसे असेल, तर यंत्र मेस्त्रीकडे न्या. कुठे थांबायचे हे कळणे, यातच कारागिरी आहे.

९. जुने-नवे ताडून पाहा. दोन्ही चाके शेजारी ठेवा. दात सारखे आहेत का? मधले भोक सारखे आहे का? जाडी सारखी आहे का? मग साखळीचे चार-पाच पाय नव्या चाकाच्या खाचांत बसवून पाहा. ते न अडता, न डगमगता बसले पाहिजेत.

१०. नवे चाक बसवा. दांडा फडक्याने पुसा. जुन्या चाकाची जी बाजू बाहेर होती, तीच नव्याची बाहेर ठेवा. चाक, मग वायसर, मग लॉक. जुने लॉक वाकलेले किंवा सैल असेल, तर नवेच घाला. लॉक खाचेत पूर्ण बसले का, ते चारी बाजूंनी पाहा. अर्धवट बसलेले लॉक काम चालू असताना उडते.

११. पट्टी साफ करा. आता ती हातात आलीच आहे. खोबणीतील घाण बारीक तारेने काढा. तेल येण्याचे भोक मोकळे करा. पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. उलटी केल्यावर आकडे उलटे दिसतील, त्यात काही बिघडत नाही.

१२. साखळीची दिशा पाहा. साखळी पट्टीवर घाला आणि चाकावर चढवा. पट्टीच्या वरच्या कडेवरील दातांची धार पुढे, म्हणजे टोकाकडे असली पाहिजे. साखळी उलटी बसली, तर ती कापत नाही, नुसती घासते आणि धूर निघतो.

१३. झाकण लावा आणि ताण द्या. नट आधी हातानेच आवळा. पट्टीचे टोक किंचित वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू फिरवा. पट्टीच्या पोटाखाली साखळी लोंबता कामा नये. वरच्या बाजूने मध्यावर साखळी उचलली, तर थोडी उचलावी, पण तिचे पाय खोबणीतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. सोडली, की परत जागी बसावी. टोक तसेच वर धरून नट पक्के आवळा.

१४. हाताने फिरवून पाहा. बॅटरी अजून बाहेरच आहे. हातमोजा घालून साखळी पट्टीवरून ओढा. सगळी साखळी दोन-तीनदा फिरू द्या. कुठे अडते का? आवाज येतो का? मग ब्रेक लावून ओढा. आता ती हलता कामा नये.

१५. तेल घाला, मग बॅटरी घाला. साखळीच्या तेलाची टाकी भरा. ब्रेक लावलेला असतानाच बॅटरी बसवा. मग यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरा, ब्रेक सोडा आणि हवेत थोडा वेळ चालवा. पट्टीचे टोक पांढऱ्या कागदासमोर धरा, पण कागदाला लावू नका. कागदावर तेलाचे थेंब उडाले, की तेल येते आहे असे समजा. काही मिनिटे काम करून थांबा. बॅटरी काढा आणि ताण पुन्हा पाहा. नवी साखळी सुरुवातीला थोडी सैल होतेच.

चाक जास्त दिवस टिकावे म्हणून

चाक बदलले, काम झाले असे नाही. रोजची निगा राखली, तर पुढचा खर्च लांबतो.

तेल कधी संपू देऊ नका. कोरडी साखळी पट्टी, चाक आणि स्वतःला, तिघांनाही खाते. गाडीतून काढलेले काळे तेल फुकट मिळते, म्हणून ते घालू नका. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. तो तेलाबरोबर फिरतो आणि सगळे घासून टाकतो.

साखळीला वेळेवर कानस मारा. धारदार साखळी लाकडाचा जाडसर कीस काढते. बोथट साखळी पिठासारखा भुसा काढते. भुसा पिठासारखा आला, की समजा, आता यंत्र लाकडाशी नव्हे, आपल्या चाकाशी भांडते आहे. वर जोर देऊ नका. धार लावा.

काम संपले, की साखळी सैल करा. साखळी तापली, की लांबते. थंड झाली, की आखडते. तापलेली असताना ताणून ठेवली, तर थंड होताना ती पट्टीला आवळते आणि दांड्यावर ओढ येते.

शेवटी एक युक्ती. एका चाकाबरोबर दोन साखळ्या घ्या. काही दिवस एक वापरा, मग दुसरी. पुन्हा पहिली. अशी पाळी ठेवली, की दोन्ही साखळ्या आणि चाक बरोबरीने झिजतात. मग तिघांना एकदमच निरोप देता येतो. बैलांची पाळी ठेवतो, तसाच हा हिशेब.

झाडाविषयी दोन शब्द

हत्यार चांगले झाले, की हात शिवशिवतात. पण सगळेच झाड आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ सालचा झाडे तोडण्याविषयीचा कायदा आहे. ठरावीक जातीची झाडे आपल्या शेतात असली, तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. म्हणून तलाठी किंवा वनखात्याकडे आधी विचारा. करवतीचे काम दहा मिनिटांचे असते. झाड वाढायला मात्र आपले अर्धे आयुष्य जाते.

आणि काम करताना एक पाळा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका. तो लागला, की करवत उसळून माणसाच्या तोंडाकडे येते. चाक कितीही नवे असले, तरी या उसळीतून ते वाचवणार नाही. आपली सावधगिरीच वाचवते.

लक्षात ठेवा

बॅटरी काढल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.
दोन साखळ्यांमागे एक चाक बदला.
अर्ध्या मिलिमीटरहून खोल रेघ पडली, की चाक गेले असे समजा.
पिचचा आकडा वाचून, लिहून, मगच खरेदी करा.
जे निघत नाही, ते ठोकू नका. मेस्त्रीला दाखवा.

प्रश्न

१. साखळीच्या एका पायापेक्षा चाकाच्या एका दातावर जास्त भार का येतो?
२. जुन्या चाकावर नवी साखळी घातली, तर काय होते?
३. ओळीतल्या तीन रिव्हेटांमधले अंतर १९ मिलिमीटर आहे. पिच किती?
४. बॅटरी काढून दूर का ठेवावी?
५. तुमच्या गावात अशी करवत असेल, तर तिच्या पट्टीवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा.